अधिक-उणे अक्षर : संगणक जागा होतानाचा इतिहास

१/२१
संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर काही उमटेपर्यंत जे मोजके क्षण जातात, त्या क्षणांत ते यंत्र अगदी अजाण असते. फाइल म्हणजे काय, नेटवर्क म्हणजे काय, आपला कोण आणि परका कोण, यांतले काहीच त्याला ठाऊक नसते. अशा वेळी जो पहिला मजकूर हाती पडेल, त्यावर ते डोळे मिटून विश्वास ठेवते. हा मजकूर आणून देणाऱ्या छोट्याशा आज्ञावलीला बूटलोडर म्हणतात. ती लिहिली कोणी, आणि लिहिल्यावर वाचून पाहिली कोणी, याचा हा इतिहास. त्याचे एक टोक नागपुरात आहे.

२/२१
१९६० साली नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. आज ते व्हीएनआयटी या नावाने ओळखले जाते. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातून आलेले विजय भटकर १९६५ साली येथूनच अभियंता होऊन बाहेर पडले. पुढे बडोदा आणि दिल्ली येथे उच्च शिक्षण घेऊन १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेची सूत्रे त्यांनी हाती घेतली. महासंगणक देशातच घडवणे हे त्या संस्थेचे पहिले काम होते.

३/२१
अमेरिकेकडून हवे तसे महासंगणक मिळण्यात त्या काळी मोठे अडथळे होते. सी-डॅकने निराळी वाट धरली. एकच अतिवेगवान प्रक्रियक मिळवण्यामागे न लागता अनेक साधे प्रक्रियक एकमेकांना जोडायचे आणि काम वाटून द्यायचे. त्यासाठी ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्यूटर हा प्रक्रियक निवडण्यात आला. १९९१ साली ‘परम ८०००’ लोकांसमोर आला. महासंगणक म्हणून त्याची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. या कथेचा विषय मात्र ट्रान्सप्यूटरची एक लहानशी सवय आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही.

४/२१
प्रत्येक ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. त्याच्या एका पिनेवरून ठरे की, जागे झाल्यावर त्याने स्वतःजवळच्या कायम स्मृतीतून आज्ञा घ्यायच्या की दुव्यावरून येणाऱ्या मजकुराची वाट पाहायची. शेकडो प्रक्रियकांच्या यंत्रात प्रत्येकाला वेगळी कायम स्मृती देणे महाग आणि गैरसोयीचे पडे. त्यामुळे अशा यंत्रांत दुसरी रीत रूढ झाली. प्रक्रियक रिकाम्या मनाने जागा होई आणि शेजारी काय सांगतो, याकडे कान देऊन बसे.

५/२१
पुढचा नियम फारच साधा होता. दुव्यावरून आलेला पहिला बाइट ० असेल, तर सांगितलेल्या जागी सांगितलेली किंमत लिहायची. १ असेल, तर सांगितलेल्या जागचे वाचून उत्तर द्यायचे. २ किंवा त्याहून मोठा असेल, तर तो आकडा म्हणजेच येणाऱ्या मजकुराची लांबी समजायची, तेवढे बाइट स्मृतीत उतरवून घ्यायचे आणि लगेच ते चालवायला लागायचे. ही पहिली आज्ञावली फार तर २५५ बाइटांची. तिच्या जोरावर पुढची मोठी आज्ञावली येई आणि तीच नंतर शेजाऱ्यांना पोचवली जाई. दिव्याने दिवा लागावा, तसे सगळे यंत्र उजळत जाई.

६/२१
या रीतीत ‘तू कोण?’ हा प्रश्न कोठेच विचारलेला नाही. त्या काळी तो विचारण्याचे कारणही नव्हते. सगळे दुवे एकाच कपाटात होते आणि त्या कपाटाची किल्ली यंत्र घडवणाऱ्यांच्याच हाती होती. भिंतीच्या आतला विश्वास तेथे पुरेसा होता. अडचण पुढे आली. तारा कपाटातून खोलीत, खोलीतून इमारतीत आणि इमारतीतून जगभर गेल्या, पण विश्वासाची ती जुनी सवय बदलली नाही.

७/२१
नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याचे नियम १९८० च्या दशकात लिहिले गेले. त्या वेळी चकती महाग होती, म्हणून चकती नसलेली कामाची यंत्रे विद्यापीठांत आणि कार्यालयांत दिसू लागली होती. १९८४ साली टीएफटीपी वापरून यंत्र सुरू करण्याची पद्धत मांडली गेली आणि १९८५ साली बूटपी हा नियमसंच आला. यंत्र विचारी, ‘माझा पत्ता काय आणि माझी फाइल कोठे आहे?’ जो उत्तर देईल, त्याची फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांत येई. टीएफटीपीत परवलीचा शब्द नव्हता. आजही नाही.

८/२१
मुक्तस्रोत बूटलोडरांची पिढी यानंतरची. मॅग्नस डॅम यांच्या ‘८एक्सएक्स-रॉम’ या आज्ञावलीवरून जर्मनीतील अभियंते वोल्फगांग डेंक यांनी २००० साली ‘पीपीसीबूट’ हा प्रकल्प उभा केला. २००२ साली तो निरनिराळ्या जातींच्या प्रक्रियकांवर चालू लागला आणि त्याचे ‘यू-बूट’ असे नामकरण झाले. घरातील राउटरपासून कारखान्यातील नियंत्रकांपर्यंत असंख्य उपकरणे आज यू-बूटवर जागी होतात. त्याचा प्रत्येक शब्द कोणालाही वाचता येतो आणि बदल सुचवण्याची मुभाही सर्वांना आहे.

९/२१
सुचवलेल्या बदलाला पॅच म्हणतात. हा शब्द अक्षरशः ठिगळाचा आहे. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर आज्ञावली असे, तेव्हा चुकीचे छिद्र बुजवण्यासाठी किंवा नवा तुकडा जोडण्यासाठी कागदाचे ठिगळ चिकटवत. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ याच नावाची उपयुक्त आज्ञावली लिहिली आणि ठिगळ लावण्याचे काम यंत्राकडे गेले. पॅचमध्ये वजा चिन्हाची ओळ काढायची असते आणि अधिक चिन्हाची घालायची. ठिगळ लावणे सोपे झाले. ते योग्य जागी आहे की नाही, हे पाहण्याचे काम माणसाकडेच राहिले.

१०/२१
मराठी वाचकांना हे काम अपरिचित वाटू नये. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कर्तव्ये ठरवून देण्यात आली. त्यांत सचिवाकडे, म्हणजे सुरनिसाकडे, राजपत्रे बारकाईने तपासून त्यांतील अधिक-उणे अक्षर शुद्ध करण्याचे काम होते. मजकूर जेथे संपतो, तेथे मोर्तबाची मुद्रा उमटे. तिच्याखाली कोणी मागाहून ओळ घुसडली, तर ती उघडी पडे. भोसल्यांच्या नागपुरातही लेखनाची ही शिस्त होती. चिटणिशी सांभाळणाऱ्या चिटणवीस घराण्याचा वाडा महाल भागात आहे. मजकूर तपासणे आणि तो कोठे संपतो ते निश्चित करणे, ही दोन कामे या कथेत पुन्हा भेटणार आहेत.

११/२१
आज्ञावलीच्या जगात या तपासणीला शिस्त दिली ती आयबीएममधील मायकेल फेगन यांनी. लिहिणाऱ्याखेरीज इतरांनी ओळीओळीने वाचायचे आणि दोष नोंदवायचे, अशी पद्धत त्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. लिनक्सच्या जगात २००४ पासून प्रत्येक पॅचखाली जबाबदारीची सही येऊ लागली. पुढे तिच्या जोडीला ‘अमुक यांनी तपासले’ अशी आणखी एक ओळ आली. यू-बूटनेही हीच प्रथा स्वीकारली. ही ओळ निर्दोषत्वाची हमी देत नाही. मी हे वाचले आणि घेण्यासारखे मानतो, एवढेच ती सांगते. चूक निघाली तर तो शब्द नावासकट कायमचा नोंदला गेलेला असतो.

१२/२१
आता आभासी नेटवर्ककार्डाकडे वळू. एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवण्याची कल्पना २००० नंतर सर्वत्र पसरली. आभासी यंत्राला नेटवर्क हवे, पण खरे कार्ड मात्र त्याच्याकडे नाही. खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करणे शक्य होते, मात्र ते संथ चाले. ऑस्ट्रेलियातील रस्टी रसेल यांनी २००७-०८ या काळात ‘व्हर्टिओ’ मांडले. कार्ड खोटे आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊकच आहे, तर मग नकलेचे नाटक सोडून सरळ सामाईक वही ठेवावी, असा त्यामागचा विचार होता. २०१६ साली त्याची १.० ही आवृत्ती प्रमाण म्हणून मान्य झाली.

१३/२१
ही वही कळायला नागपूरचा कळमना बाजार उपयोगी पडेल. शेतकरी आपली रिकामी कॅरेट अडत्याकडे ठेवतो आणि कोणती ठेवली ते एका यादीत लिहितो. अडत्या त्यांत संत्री भरतो आणि दुसऱ्या यादीत नोंद करतो, की अमुक क्रमांकाचे कॅरेट भरले, वजन इतके. व्हर्टिओत आभासी यंत्र हा शेतकरी, त्याला चालवणारे मोठे यंत्र हा अडत्या, कॅरेट म्हणजे स्मृतीचे राखीव तुकडे आणि संत्री म्हणजे नेटवर्कवरून आलेली माहिती. वही वाचणारी आणि लिहिणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर.

१४/२१
यू-बूटमध्ये व्हर्टिओचे ड्रायव्हर २०१८ च्या अखेरीस आले आणि २०१९ च्या जानेवारी आवृत्तीत समाविष्ट झाले. तुओमास तिंक्कुनेन आणि बिन मेंग यांनी ते लिहिले. बूटलोडरला आभासी कार्ड कशाला हवे, याची दोन कारणे आहेत. मेघसेवांतील आभासी यंत्रेही कोठून तरी जागी व्हावी लागतात. दुसरे असे की, हजारो रुपयांचा सर्किट बोर्ड विकत न घेता बूटलोडर शिकता, मोडता आणि तपासता येतो. क्यूइमू ही मुक्त आज्ञावली असली की साध्या लॅपटॉपवरही ते जमते.

१५/२१
असा ड्रायव्हर तपासणारा नेमके काय पाहतो? पहिली गोष्ट, अधिक-उणे अक्षर. व्हर्टिओच्या प्रत्येक पाकिटाआधी एक छोटी चिठ्ठी असते. जुन्या रीतीत ती साधारणपणे १० बाइटांची, १.० आवृत्तीत १२ बाइटांची. ड्रायव्हरने १० धरले आणि समोरून १२ आले, तर सगळे पाकीट दोन बाइटांनी सरकते. पत्त्याच्या जागी भलतेच आकडे दिसतात आणि नेटवर्क मुके होते. यंत्र कोसळत नाही, तक्रारही करत नाही. संकलक ही चूक पकडत नाही. नियमग्रंथ शेजारी उघडा ठेवून वाचणाऱ्यालाच ती सापडते.

१६/२१
दुसरी गोष्ट, वहीवरचा विश्वास. कॅरेट १६ च ठेवली होती आणि नोंद आली चाळिसाव्या क्रमांकाची, तर? ड्रायव्हरने न पाहता चाळिसावे उचलायचे ठरवले, तर तो दुसऱ्याच्याच मालात हात घालील. किंवा एकूण लांबी ४ बाइट लिहिली आहे आणि त्यातून १२ बाइटांची चिठ्ठी वजा करायची आहे. माणसाला उणे आठ हे उत्तर मिळेल. ऋण आकडे न मानणाऱ्या ३२ बिटांच्या गणितात मात्र ते ४,२९,४९,६७,२८८ होते. एवढे बाइट ‘आले’ असे समजून वाचत सुटणारे यंत्र कोठवर जाईल, हे सांगायला नको. मोर्तब नसलेल्या पत्रासारखीच ही स्थिती.

१७/२१
तिसरी गोष्ट निरोपाची. बूटलोडरचे काम संपले की तो सगळी स्मृती मुख्य प्रणालीच्या हाती देऊन निघून जातो. पण त्याने बाजारात ठेवलेली कॅरेट परत घेतली नाहीत, म्हणजे कार्ड पूर्ववत करून थांबवले नाही, तर पुढचे पाकीट आले की ते त्याच जुन्या जागी लिहिले जाते. ती जागा आता दुसऱ्याची असते. असा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि त्याचा आळ नेहमी निरपराध प्रणालीवर येतो. म्हणून जाणकार तपासनीस सुरुवातीइतकाच शेवटही वाचतो.

१८/२१
ही काळजी किती खरी आहे, ते २०१९ साली दिसले. सेमल या कंपनीतील सुरक्षा-संशोधकांना यू-बूटच्या नेटवर्क विभागात एक खोट आढळली. नेटवर्कवरून आलेल्या पाकिटात जी लांबी लिहिलेली असे, तीच प्रमाण मानून मजकूर स्मृतीत उतरवला जात होता. तो मावतो की नाही, हे मोजलेच जात नव्हते. याच घडणीच्या चुका शोधणारी आज्ञावली त्यांनी लिहिली आणि एकूण १३ भगदाडे उघड झाली. त्याच नेटवर्कवरील एखाद्याने मुद्दाम घडवलेले पाकीट पाठवले, तर यंत्र जागे होण्याआधीच परक्याच्या हाती जाऊ शकत होते.

१९/२१
भगदाडांवर ठिगळे लागली. पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. त्या तेरांपैकी एकाची नोंद सीव्हीई-२०१९-१४१९६ अशी होती. त्यावरची दुरुस्तीच चुकीची होती, असे २०२२ साली उघड झाले. लांबीची तपासणी लिहिलेली होती, पण ती हवे ते अडवत नव्हती. त्या दोषाला सीव्हीई-२०२२-३०७६७ असा नवा क्रमांक मिळाला. मजकूर सर्वांसमोर उघडा होता, तरीही सुमारे तीन वर्षे तो तसाच राहिला. घाई करूनही भागत नाही. २०२० च्या जुलैत ग्रब या बूटलोडरमधील ‘बूटहोल’ दोष उघड झाला, तेव्हा त्यावरील उपायाची अद्यतने बसवल्यावर रेड हॅट लिनक्सची काही यंत्रे सुरूच होईनाशी झाली.

२०/२१
२०२२ सालीच यू-बूटच्या व्हर्टिओ विभागात कडक पडताळणी आणणारे पॅच आले. वहीतील नोंदींची स्वतःकडे वेगळी प्रत ठेवायची आणि समोरच्याने सांगितलेला क्रमांक तिच्याशी ताडून पाहायचा. अडत्यावरही विश्वास ठेवायचा नाही, असे हे वळण होते. २०२४ च्या जानेवारीत त्याची गरज पुन्हा अधोरेखित झाली. शिम या सुरुवातीच्या आज्ञावलीत, सर्व्हरने सांगितलेल्या लांबीएवढी जागा राखून प्रत्यक्षात त्याहून अधिक मजकूर उतरवला जाऊ शकत होता. त्याच महिन्यात ‘पिक्सीफेल’ या नावाने, नेटवर्कवरून यंत्र सुरू करणाऱ्या एका प्रचलित संचातील नऊ दोष जाहीर झाले. १९८० च्या दशकातील भोळेपणाची ही थकबाकी होती.

२१/२१
ट्रान्सप्यूटर पहिल्या बाइटाला लांबी मानून निर्धास्त बसे, कारण तार कोठून येते हे त्याच्या कर्त्याला ठाऊक होते. आजच्या बूटलोडरला ते ठाऊक नसते. म्हणून लांबी ऐकायची, पण आधी मोजून घ्यायची, हा एवढासा धडा शिकायला तीन-चार दशके आणि कित्येक ठिगळे लागली. हे काम करणाऱ्यांची नावे सहसा पुस्तकांत येत नाहीत. बदलाच्या तळाशी ‘तपासले’ या शब्दापुढे एक नाव असते, इतकेच. सचिवाच्या दफ्तरातही तपासलेल्या पत्रावर राजाचेच नाव राही. यू-बूटचा तो सारा मजकूर आजही उघडा आहे, आणि नागपुरातील कोणत्याही विद्यार्थ्याला तो आज रात्रीच वाचायला घेता येईल.